मदर ऑबेर आणि त्यांची रानऔषधे

आपल्या देशी आषाढ लागला की पाऊस सुरू होतो. इथे फ्लॅट बुशमध्ये त्याच दिवसांत ओला गारठा पडतो. सकाळी खिडक्यांच्या काचा आतून पाण्याने निथळतात आणि घरात कोणी ना कोणी खोकत असते. मग डब्यातली सुंठ, पिंपळी नि ज्येष्ठमध बाहेर निघतो, कुंडीतल्या गवती चहाची पात तोडली जाते आणि आजीच्या परसातल्या अडुळशाची आठवण येते. परमुलखात आल्यावर माणसांची ओळख हळूहळू होते, झाडांची मात्र होत नाही. छातीत कफ साठला तर इथल्या रानातले कोणते पान उकळावे, हे कोणाला विचारावे?

हा प्रश्न एका परदेशी तरुणीने याच ऑकलंड शहरात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी विचारला होता. तिने तो योग्य माणसाला विचारला आणि मिळालेल्या उत्तरावर पुढे हजारो रोग्यांची सेवा केली. तिचे नाव सुझान ऑबेर. न्यूझीलंडमध्ये ती मदर मेरी जोसेफ ऑबेर म्हणून ओळखली जाते.

सुझानचा जन्म १९ जून १८३५ रोजी फ्रान्समध्ये लिऑं शहराजवळच्या एका गावी, खात्यापित्या घरात झाला. लहानपणी गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फुटून ती पाण्यात पडली. त्या अपघाताने काही काळ ती अधू झाली होती. दुखणे म्हणजे काय, दुसऱ्याच्या हातून सेवा घेणे म्हणजे काय, हे तिला असे कोवळ्या वयातच कळले. घरच्यांनी तिचे लग्न ठरवीत आणले होते, पण तिच्या मनात जोगीण होऊन सेवा करण्याचे होते. ऑकलंडचे बिशप पोंपालिए फ्रान्समध्ये आले होते. त्यांच्याबरोबर वयाच्या २५ व्या वर्षी, घरच्यांच्या मनाविरुद्ध, तिने बोटीवर पाय ठेवला. १८६० साल संपता संपता ती बोट ऑकलंडला लागली.

इथे मावरी मुलींना शिकविण्याचे काम तिच्याकडे आले. त्या कामात तिला पेआटा नावाची मावरी जोगीण भेटली. ही न्गापुही जमातीतल्या एका मोठ्या सरदाराची नातलग. शिकवायला आलेली सुझान पेआटाची शिष्या झाली. मावरी भाषा, रीतिरिवाज आणि रानातल्या वनस्पतींचे गुण तिने पेआटाकडून आणि इतर मावरी माणसांकडून शिकून घेतले. त्या काळी गोरी माणसे मावरींकडे बहुधा शिकविण्यासाठी जात, शिकण्यासाठी क्वचितच. म्हणून ही गोष्ट लहान दिसली तरी लहान नव्हती.

या वनस्पतींतली कावाकावा आपण ओळखून ठेवावी अशी आहे. हृदयाच्या आकाराच्या पानांचे हे झुडूप ऑकलंडच्या परिसरातल्या रानात सावलीला वाढते. पानांना पुष्कळदा किडीने पाडलेली भोके असतात, आणि जाणते मावरी अशीच पाने पसंत करतात. गंमत अशी की ही कावाकावा आपल्या विड्याच्या पानाची, मिरीची आणि पिंपळीची सख्खी भावंडे शोभावी अशी, त्याच कुळातली वनस्पती आहे. दुसरी कुमाराहौ. वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबरच्या सुमारास, ती पिवळ्या फुलांनी भरून जाते. तिच्या पानांचा कडू काढा मावरी लोक खोकला, दमा अशा छातीच्या विकारांवर घेत आले आहेत.

पुढे संकटाचे दिवस आले. बिशप पोंपालिए कर्ज मागे ठेवून १८६८ साली निघून गेले, काम मोडले, आणि नव्या बिशपांनी सुझानना फ्रान्सला परत जाण्यास सांगितले. त्यांनी ते ऐकले नाही. १८७१ साली त्या हॉक्स बे भागातल्या मीआनी येथील मिशनमध्ये गेल्या आणि घोड्यावरून, पायी, गावोगाव जाऊन रोग्यांची शुश्रूषा करू लागल्या. मावरी लोक त्यांना मेरी होहेपा म्हणत. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या घरीही त्यांना तितक्याच विश्वासाने बोलावणे येई.

१८८३ साली त्या व्हांगानुई नदीकाठच्या हिरुहारामा, म्हणजे जेरुसलेम, या दुर्गम मावरी गावी गेल्या. तिथे त्यांनी शाळा चालविली, शेती केली, फळबाग लावली आणि १८८५ साली मावरी संभाषण शिकविणारे पुस्तक छापले. १८९२ साली त्यांनी स्थापन केलेला जोगिणींचा संघ आजही काम करीत आहे.

अनाथ मुलांची संख्या वाढू लागली तसा पैशाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा, १८९० नंतरच्या काळात, मदर ऑबेर यांची औषधे बाटल्यांत भरून देशभर विकली जाऊ लागली. एका मोठ्या औषध कंपनीने विक्री हाती घेतली होती. मारूपा, करना, पारामो, नातानाता, वानेना अशी त्यांची नावे होती. यांतली मारूपा खोकला, दमा आणि छातीच्या दुखण्यांवर दिली जाई. हा व्यापार फार वर्षे टिकला नाही. औषधांच्या कृती मदरनी जाहीर केल्या नाहीत, त्यामुळे ती औषधे त्यांच्याबरोबरच गेली.

इतकी नामांकित औषधे हाती असताना दुसऱ्या एखाद्याने त्यांवरच जन्म काढला असता. मदर ऑबेर यांनी तसे केले नाही. १८९९ साली त्या वेलिंग्टनला आल्या. तिथे त्यांनी असाध्य रोग्यांसाठी घर, उपाशी माणसांसाठी अन्नछत्र, कामकरी बायांच्या मुलांसाठी पाळणाघर काढले आणि १९०७ साली आयलंड बे येथे मोठे सेवासदन उघडले. रोग्याचा धर्म विचारायचा नाही, हा त्यांचा नियम होता. तो वरिष्ठांना रुचेना, तेव्हा १९१३ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्या रोमला गेल्या आणि १९१७ साली पोपची मान्यता मिळवूनच थांबल्या. परतल्यावर शेवटच्या वर्षांत त्यांचा ध्यास एकच होता : सेवासदनाचे रीतसर रुग्णालय व्हावे आणि आपल्या जोगिणींनी परिचारिकेचे शास्त्रशुद्ध शिक्षण घ्यावे. १ ऑक्टोबर १९२६ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. अंत्ययात्रेला वेलिंग्टनमध्ये अफाट गर्दी लोटली होती. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना पूजनीय ठरविले.

रानातल्या पाल्यावर ज्यांचा विश्वास होता, त्यांनीच अखेरीस रुग्णालयाचा आग्रह धरला, यात विसंगती नाही. जे झाड उपयोगी ते घ्यावे आणि जिथे झाडाची मर्यादा येते तिथे पुढचे ज्ञान घ्यावे, एवढेच त्यांचे धोरण होते. आपल्या अडुळशाचीही वाट अशीच गेली आहे. त्याच्या पानातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार केले, आणि आज ते डॉक्टर लिहून देतात.

तेव्हा काढा अवश्य घ्यावा, पण जाणून घ्यावा. गरोदर स्त्रीने अडुळसा घेऊ नये. रक्तदाब असलेल्याने ज्येष्ठमधाचा अतिरेक करू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. देशातून वाळलेली मुळे नि पाने आणली तर विमानतळावर ती जाहीर करावीत. इथल्या रानात तुतूसारखी जहाल विषारी झुडपेही आहेत, म्हणून ओळख पटल्याशिवाय पान तोंडात घालू नये. ओळख करून घ्यायची तर पेआटासारख्या जाणत्या मावरी माणसाला विचारावे. आणि मुलाला धाप लागली, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर काढ्याचे पातेले बाजूला ठेवून डॉक्टरांनी दिलेला पंप द्यावा आणि १११ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मदर ऑबेर आज असत्या तर त्यांनीही हेच केले असते.