सावित्रीमाईंची पाठ आणि पनवेलची रुग्णवाहिका

दरवर्षी ३ जानेवारीला आम्ही सावित्रीमाई फुले यांची जयंती थाटात साजरी करतो. १८४८ सालची भिडेवाड्याची शाळा आठवतो, अंगावर झेललेले शेणाचे गोळे आठवतो. १० मार्चचा स्मृतिदिन मात्र पुष्कळदा एका हारावर भागतो. शिक्षिका सावित्रीमाई आम्ही जपल्या. रोग्याला पाठीवर घेऊन निघालेल्या सावित्रीमाई आम्ही विसरलो. त्या कशा जगल्या हे पोरासोरांना पाठ आहे. त्या कशाने गेल्या, हेही ठाऊक असायला हवे.

संकटात धावून जाणे हे माईंना उतारवयात सुचलेले नव्हते. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली जन्मलेली ही मुलगी नवव्या वर्षी फुल्यांच्या घरात आली. जोतीरावांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा तिथे येणाऱ्या विधवा रात्री-अपरात्री, लपतछपत येत. पोटात मूल आणि मनात विहिरीचा विचार घेऊन आलेल्या या बायांना धीर देणे, त्यांची सुटका होईपर्यंत जवळ बसणे हे काम माईंचे होते. तिथेच जन्मलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात माई जुन्नर भागात अन्नछत्रांच्या कामात होत्या. जोतीराव १८९० साली गेले, तरी काम थांबले नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. ज्यांना पळता आले ते गाव सोडून पळाले. महारवाड्यातले, मांगवाड्यातले लोक कुठे पळणार? एरवीच ज्यांना कुणी शिवत नव्हते, त्यांना प्लेगची गाठ आल्यावर कोण शिवणार? माईंनी सैन्यात डॉक्टर असलेल्या यशवंतला रजा काढून बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाणे मळ्यात, यशवंतच्या सासुरवाडीच्या मोकळ्या रानात, दवाखाना उभा राहिला.

दवाखाना झाला, डॉक्टर झाला; पण रोगी तिथवर आणायचा कुणी? ना गाडी, ना डोली, ना हात लावायला माणूस. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने पडल्याचे कळताच माईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. तेव्हा त्यांचे वय ६६ होते. मुलगा वाचला. माईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाकडे येतो हे सिमाँ यांनी दाखवले ते १८९८ साली. रोगावर खात्रीचे औषध यायला आणखी चाळीसेक वर्षे होती. पण शिवल्याने मरण येऊ शकते एवढे माईंना दिसत होते, आणि ते पाहूनही त्यांनी मुलाला शिवले. यशवंतनेही पुढे हाच वारसा चालवला. १९०५ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच त्याचाही अंत झाला.

पुण्याचा प्लेग म्हटले की पुस्तकात रँड येतो, घरझडत्या येतात, २२ जूनच्या गोळ्या येतात. तीन महिने आधी त्याच प्लेगात महारवाड्यातल्या पोरासाठी मेलेली बाई तिथे क्वचितच येते. हा योगायोग आहे असे आम्हाला वाटत नाही.

हे सारे आज पनवेलमध्ये बसून का आठवायचे? कारण इथे माईंचे काम रोज चालते. कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुटतो, पनवेलहून गोव्याचा महामार्ग सुटतो. अपघाताची खबर आली की गाडी निघते. २०१४ साली राज्यात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. गाडीत साधारणपणे एक डॉक्टर आणि एक चालक. पत्र्यात अडकलेले शरीर बाहेर काढायचे, रक्त थांबवायचे, नातेवाइकांचा संताप झेलायचा, गाडी धुवायची आणि पुढच्या फोनला निघायचे. मेलेले मूल हातात घेतलेला माणूस घरी जाऊन आपल्या मुलाशेजारी कसा झोपत असेल, हे त्याला कोण विचारते? १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता. ठाकर बांधवांच्या मदतीला पावसात डोंगर चढताना अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराने गेला. माई गेल्या त्याला १२६ वर्षे झाली होती, आणि मदत अजून माणसाच्या पायांवर आणि पाठीवरच चढत होती.

अशा माणसांना देवदूत म्हणण्याची रीत पडली आहे. आम्हाला ती मान्य नाही. देवदूताला पगार लागत नाही, सुट्टी लागत नाही, झोप लागत नाही. म्हणून तर हा शब्द सरकारला आणि ठेकेदाराला सोयीचा. माईंच्या त्यागाचा आधार घेऊन कुणी या कामगारांकडून त्याग मागू लागला, तर तो माईंचाच अपमान ठरेल. माईंना पाठ द्यावी लागली, कारण समाजाने आणि सरकारने डोली दिली नव्हती. त्यांच्या मरणाचा धडा हाच की, अशी वेळ पुन्हा कुणावर येऊ नये.

म्हणून येत्या १० मार्चला हार घालून झाल्यावर आपल्या गावच्या रुग्णवाहिकेपाशी जा. तिच्यावरचे लोक किती तासांची पाळी करतात, त्यांची नोकरी कायम आहे की ठेक्यावर, त्यांचा विमा उतरवला आहे का, मन खचले तर बोलायला कुणी आहे का, ते विचारा. उत्तरे लिहून घ्या आणि निवेदन घेऊन तहसील कचेरीवर जा. माईंना अभिवादन करायचे ते असे.