किनाऱ्यावरची पांढरी रेघ

डार्विन म्हटलं की आपल्याला माकडच आठवतं. शाळेत तेवढंच डोक्यात बसलेलं असतं ना! पण हा माणूस त्याआधी दगडांच्या नादी लागला होता. मला त्याची तीच गोष्ट जास्त आवडते.

चार्ल्स डार्विनचा जन्म १८०९ सालचा, इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावातला. आठ वर्षांचा असताना आई गेली. मोठ्या बहिणींनी त्याला सांभाळलं. वडील नावाजलेले डॉक्टर. मुलानंही डॉक्टर व्हावं म्हणून १८२५ साली त्यांनी त्याला एडिंबरोला पाठवलं. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. शस्त्रक्रिया बघवेना, पोरगा तिथून पळालाच!

तिथे भूगर्भशास्त्राची व्याख्यानंही त्याने ऐकली. प्राध्यापक जेमसन सांगत, की खडकांच्या भेगांमधला काळा दगड म्हणजे वरून पाण्यातून साचलेला गाळ. खरं तर तो जमिनीखालून वर आलेला तप्त रस होता. त्यातून व्याख्यानं इतकी रटाळ, की या विषयाच्या वाटेला पुन्हा जायचं नाही असं चार्ल्सने ठरवून टाकलं. शिक्षण अर्धवट सोडून तो घरी आला. हा घराण्याचं नाव घालवणार, अशी धास्ती वडिलांना पडली. मग पाद्री करायचं म्हणून केंब्रिजला धाडलं. तिथे सेजविक नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ भेटले. १८३१ च्या उन्हाळ्यात ते त्याला वेल्सच्या डोंगरांत घेऊन गेले आणि दगड हातात घेऊन बघायला शिकवलं.

तेवढ्यात 'बीगल' जहाजावरून जगप्रवासाचं बोलावणं आलं. वडिलांचा साफ नकार. शेवटी मामाने मध्यस्थी केली, तेव्हा कुठे होकार मिळाला.

जानेवारी १८३२ मध्ये जहाज आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांपैकी सँटियागोला लागलं. किनाऱ्याच्या कड्यावर, पाण्यापासून सुमारे ४५ फुटांवर, मैलोन् मैल एक पांढरी रेघ दिसत होती. चार्ल्सने जवळ जाऊन पाहिलं. रेघ चुनखडीची, आत शंखशिंपले. खाली जुना ज्वालामुखीचा खडक, वर काळा बेसॉल्ट. त्याने हिशोब मांडला. खालचा खडक सगळ्यांत आधीचा. त्यावर समुद्रतळाशी शिंपल्यांचा थर साचला. मग तापलेला लाव्हा त्यावर पसरला, चुनखडी भाजून निघाली, आणि पुढे हे सगळं समुद्राबाहेर उचललं गेलं. शिंपले तर आजूबाजूच्या समुद्रात तेव्हाही सापडणारेच होते. म्हणजे ही घडामोड पृथ्वीच्या मानाने अलीकडची!

त्याच किनाऱ्यावर आपणही पुस्तक लिहू शकतो, असं त्याला पहिल्यांदा वाटलं. ज्वालामुखी बेटांवरचं त्याचं पुस्तक १८४४ साली आलंही. तेव्हा तो पस्तिशीचा होता.

आपल्या सह्याद्रीतला काळा दगडही असाच लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. पुढच्या वेळी एसटीने घाट उतरताना मुलांना खिडकीतून ते थर दाखवा. आणि एखादा विषय मुलाला नकोसा झाला, तर त्याच्यावर लगेच शिक्का मारू नका. कदाचित त्याला तो अजून नीट कुणी दाखवलेलाच नसेल.