जी. एन. जोशी

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर गावावरून वाहत येणारी पैनगंगा पुढे विदर्भ आणि मराठवाडा यांची सीमा आखीत किनवटच्या काठाने जाते. त्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३२ च्या सुमारास ध्वनिमुद्रिकेवर आली आणि महाराष्ट्रभर गुणगुणली जाऊ लागली. तिला स्वर दिला होता जी. एन. जोशी या तरुणाने. पुढे लोकांना जोशी आठवत ते या एकाच गीतापुरते. हा त्यांच्यावर अन्यायच होय.

जोशी यांचा जन्म १९०९ सालचा. ते कायद्याचे पदवीधर होते; परंतु त्यांचा ओढा गाण्याकडे होता. त्या काळी श्रोत्यांचे कान नाट्यपदांतील तानांना सरावलेले होते. कवितेतील भाव जपून ती साधेपणाने गाण्याची रीत नवी होती, आणि ती रुजविणार्‍यांत जोशी अग्रभागी होते. ‘शीळ’नंतरही त्यांनी अनेक भावगीते गायिली. गंगूबाई हनगल यांच्यासह गायिलेली त्यांची युगुलगीतेही गाजली. त्या मुद्रिकांवर गंगूबाईंचे नाव ‘गांधारी’ असे छापलेले असे!

१९३८ साली ते एच. एम. व्ही. कंपनीत रुजू झाले आणि इतरांचे स्वर जतन करणे हेच त्यांचे कार्य झाले. हे काम सोपे नव्हते. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तास तास राग आळविणार्‍या गवयाला तेवढ्या वेळात बसविणे म्हणजे मोटेचे पाणी तांब्यात भरण्यासारखेच! शिवाय मानी कलावंतांची मर्जी सांभाळावी लागे, ती निराळीच. बडे गुलाम अली खाँ, बिस्मिल्ला खाँ यांच्यासारख्यांचे ध्वनिमुद्रण जोशी यांनी केले.

पुढे एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणारी तबकडी आली. १९६७ साली जोशी यांच्या देखरेखीखाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही मुद्रिका निघाली. काश्मीरच्या खोर्‍यातील मेंढपाळाचा एक दिवस तीत केवळ वाद्यांनी रंगविला आहे. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार परदेशातही पोहोचली. पण श्रोता वादकांची नावे ध्यानात ठेवतो. मुद्रण घडवून आणणार्‍याचे नाव कोण वाचतो?

आपल्या आठवणी जोशी यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डाउन मेलडी लेन’ या इंग्रजी पुस्तकात सांगितल्या. त्यांत स्वतःच्या गाण्यापेक्षा इतर कलावंतांच्याच कथा अधिक आहेत. १९९४ साली त्यांचे निधन झाले.