संत फ्रान्सिस असिसीकर आणि ग्रेच्चोची गव्हाण

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत कोणाचें चरित्र द्यावें, असा विचार करीत असतां आमचें लक्ष सहज देवळांतील त्या कोपऱ्याकडे गेलें, जेथें दर वर्षीं नाताळचा गोठा उभारला जातो. मुलें गवत आणतात, तरुण बांबू बांधतात, आणि बैल, गाढव व मेंढपाळ ह्यांच्या मध्यें बाळ येशू, पवित्र मरिया व संत योसेफ ह्यांच्या मूर्ति मांडल्या जातात. हा गोठा आपल्या इतक्या परिचयाचा झाला आहे कीं, तो प्रथम कां उभारला गेला हें विचारण्याचें आपणांस सुचत नाहीं; आणि ज्या गोष्टीचा अर्थ कोणी विचारीत नाहीं, ती हळूहळू केवळ शोभेची होऊन बसते. म्हणून ज्या सत्पुरुषाच्या भक्तीमुळें ही चाल ख्रिस्ती जगांत रूढ झाली, त्या संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांचें चरित्र येथें संक्षेपानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इटली देशाच्या उंब्रिया प्रांतांत डोंगराच्या उतारावर असिसी नांवाचें नगर आहे. तेथें इ. स. ११८१ किंवा ११८२ सालीं फ्रान्सिस ह्यांचा जन्म झाला. वडील पिएत्रो बेर्नार्दोने हे कापडाचे मोठे व्यापारी होते. आईचें नांव पिका. बाप्तिस्म्याच्या वेळीं मुलाचें नांव योहान ठेविलें होतें; परंतु वडील त्यांस फ्रान्सिस म्हणूं लागले, व तेंच नांव पुढें जगांत राहिलें. घरीं पैशाला तोटा नव्हता. उंची वस्त्रें, मेजवान्या, गाणीं आणि सोबत्यांचा मेळा ह्यांत फ्रान्सिस ह्यांचें तारुण्य जात होतें. शूर सरदार म्हणून कीर्ति मिळवावी, अशी त्यांची मोठी इच्छा होती. इ. स. १२०२ मध्यें असिसी व शेजारचें पेरुजिया ह्या नगरांत युद्ध जुंपलें. त्यांत ते शत्रूच्या हातीं सांपडले व सुमारें एक वर्ष बंदिवासांत राहिले. सुटून आल्यावर त्यांस दीर्घ आजार जडला. बरें झाल्यावर ते दक्षिणेकडील लढाईसाठीं पुन्हा घोड्यावर बसून निघाले. परंतु स्पोलेतो नगरापर्यंत जाऊन ते मागें फिरले. आपण ज्या धन्याची चाकरी शोधीत आहों तो खरा धनी नव्हे, अशी टोंचणी त्यांच्या मनाला लागली होती.

ह्या सुमारास घडलेली एक गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. फ्रान्सिस ह्यांना महारोग्यांची अतिशय किळस असे. दुरून महारोगी दिसला तरी ते तोंड फिरवून नाक धरीत. एके दिवशीं ते घोड्यावरून जात असतां वाटेंत एक महारोगी समोर आला. त्यांचें मन मागें ओढूं लागलें. तरी ते घोड्यावरून उतरले, त्या मनुष्याच्या हातावर पैसे ठेविले आणि त्या हाताचें चुंबन घेतलें. पुढें ते महारोग्यांच्या वस्तींत जाऊन त्यांची सेवा करूं लागले. मरणापूर्वीं लिहविलेल्या मृत्युपत्रांत त्यांनीं आपल्या जीवनांतील पालटाचा आरंभ ह्याच महारोग्यांपासून धरला आहे. ग्रेच्चोच्या गव्हाणीकडे जाणारी त्यांची वाट तेथूनच सुरू झाली, असें आम्हांस वाटतें.

त्यानंतर नगराबाहेरील सान दामियानो ह्या मोडकळीस आलेल्या लहान देवळांत ते प्रार्थना करीत असतां, क्रूसावरील प्रभूनें आपलें पडत असलेलें घर दुरुस्त करण्याची आज्ञा केली, असें त्यांस ऐकूं आलें. त्यांनीं ती आज्ञा अक्षरशः घेतली. वडिलांच्या दुकानांतील कापड फोलिन्यो येथें नेऊन विकलें, घोडाहि विकला, आणि सर्व पैसे त्या देवळाच्या धर्मगुरूपुढें ठेविले. धर्मगुरूनें ते घेण्याचें नाकारलें. वडील संतापले व त्यांनीं हें प्रकरण बिशप ग्वीदो ह्यांच्यापुढें नेलें. इ. स. १२०६ मध्यें भर लोकांसमक्ष फ्रान्सिस ह्यांनीं पैसे तर परत केलेच, पण अंगावरचीं वस्त्रेंहि उतरवून वडिलांच्या पायांशीं ठेविलीं, आणि ह्यापुढें आपला पिता स्वर्गांतील देवच आहे असें सांगितलें. बिशपांनीं आपल्या झग्यानें त्यांस झांकून घेतलें. ज्याच्या घरीं कापडाचे गठ्ठे पडलेले असत, त्याला त्या दिवशीं दुसऱ्याच्या वस्त्राचा आसरा घ्यावा लागला.

पुढें ते दगड व चुना मागून आणीत व स्वहस्तें पडकीं देवळें बांधीत. इ. स. १२०८ च्या सुमारास प्रभूनें शिष्यांस सोनें, झोळी व दुसरा अंगरखा न घेतां प्रचारार्थ पाठविल्याचें शुभवर्तमान त्यांनीं मिस्सांत ऐकलें, आणि आपणांस हेंच पाहिजे अशी त्यांची खात्री झाली. असिसीचे धनिक गृहस्थ बेर्नार्द हे त्यांना प्रथम येऊन मिळाले, मग इतरहि आले. इ. स. १२०९ मध्यें पोप इनोसंट तिसरे ह्यांनीं त्यांच्या जीवनक्रमास तोंडी मान्यता दिली. त्या काळीं हे बंधु रिव्होतोर्तो येथें एका पडक्या झोंपडींत राहत. जागा इतकी अपुरी कीं धड बसावयासहि मिळत नसे. एके दिवशीं एक शेतकरी आपलें गाढव घेऊन आंत शिरला व तेथेंच ठाण मांडूं लागला. फ्रान्सिस ह्यांनीं वाद घातला नाहीं. झोंपडी त्यास सोडून देऊन ते सोबत्यांसह बाहेर पडले. इ. स. १२१२ मध्यें क्लारा ह्या थोर कुळांतील कन्येनें घर सोडून हाच मार्ग धरला. इ. स. १२१९ मध्यें, क्रूसयुद्ध चालू असतां, फ्रान्सिस मिसर देशांत दामिएता येथें गेले आणि शस्त्रावांचून सुलतान अल्-कामिल ह्यांची भेट घेऊन सुखरूप परतले.

इ. स. १२२३ हें साल उजाडलें तेव्हां फ्रान्सिस सुमारें बेचाळीस वर्षांचे होते, पण शरीर जर्जर झालें होतें. डोळ्यांचें दुखणें वाढत होतें. मूठभर बंधूंचे आतां हजारों झाले होते, आणि दारिद्र्याचें व्रत कितपत कडक पाळावें ह्याविषयीं त्यांच्यांत मतभेद माजले होते. संघाचा कारभार त्यांनीं आधींच दुसऱ्यांच्या हातीं सोपविला होता. २९ नोव्हेंबर रोजीं पोप होनोरियस तिसरे ह्यांनीं संघाच्या नियमास लेखी मान्यता दिली. एवढ्या वर्षांच्या खटाटोपानंतर दुसरा कोणी विसांवा घेता. फ्रान्सिस ह्यांच्या मनांत मात्र नाताळचे विचार घोळत होते.

रिएतीच्या खोऱ्यांत ग्रेच्चो नांवाचें डोंगरांतील खेडें आहे. तेथील योहान नांवाचे एक सज्जन सरदार त्यांचे स्नेही होते. नाताळच्या सुमारें पंधरा दिवस आधीं फ्रान्सिस ह्यांनीं त्यांस बोलावून आपला मनोदय सांगितला. बेथलेहेम येथें बाळ येशू जन्मला तेव्हां त्यास कोणकोणत्या गोष्टींची उणीव भासली, तें गवतावर कसें निजलें, शेजारीं बैल व गाढव कसे उभे होते, हें आपणांस चर्मचक्षूंनीं पाहावयाचें आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. योहान ह्यांनीं सर्व तयारी केली. नाताळच्या रात्रीं निरनिराळ्या मठांतून बंधु जमले. आसपासच्या खेड्यांतील स्त्रीपुरुष हातांत मेणबत्त्या व मशाली घेऊन डोंगर चढून आले. रान उजळून निघालें व गीतांनीं दुमदुमलें. गव्हाणींत गवत पसरलें होतें. बैल व गाढव आणून उभे केले होते. आणि त्या गव्हाणीवरच पवित्र मिस्सा अर्पण करण्यांत आला. फ्रान्सिस हे धर्मगुरु नव्हते, डीकन होते. त्यांनीं डीकनचीं वस्त्रें परिधान करून मधुर स्वरानें शुभवर्तमान गाइलें, आणि त्या दरिद्री राजाच्या जन्माविषयीं उपदेश केला. बेथलेहेम हें नांव उच्चारतांना त्यांचा स्वर मेंढराच्या बें बें करण्यासारखा होई, असें त्यांचे पहिले चरित्रकार थॉमस चेलानोकर ह्यांनीं लिहिलें आहे. तेथें जमलेल्या एका सत्शील मनुष्यास असा दृष्टांत झाला कीं, गव्हाणींत एक बालक निश्चेष्ट पडलें आहे, आणि फ्रान्सिस जवळ जाऊन त्यास जणूं गाढ झोंपेंतून जागें करीत आहेत. चेलानोकर म्हणतात कीं हा दृष्टांत यथार्थच होता. कारण अनेकांच्या अंतःकरणांत विसरलें गेलेलें तें बालक त्या रात्रीं जागें झालें.

नाताळचीं चित्रें व खेळ ख्रिस्ती लोकांत त्यापूर्वींहि होते; ग्रेच्चोचें वैशिष्ट्य निराळें आहे. चेलानोकरांच्या वर्णनांत पवित्र मरियेची वा संत योसेफाची मूर्ति नाहीं; बाळाचीहि नाहीं. गव्हाण आहे, गवत आहे, जनावरें आहेत, गरीब शेतकरी व धनगर आहेत, आणि वर वेदी आहे. बाळाची जागा रिकामी वाटते, पण ती रिकामी नाहीं. कारण मिस्सांत तोच प्रभु भाकरीच्या रूपानें तेथें उतरतो. बेथलेहेम ह्या इब्री शब्दाचा अर्थहि भाकरीचें घर असाच आहे. जो एकदां गवतावर निजला तोच आज आपल्या हातीं येतो, आणि ज्यांच्या अंगाला शेणामातीचा वास येतो अशांच्या मध्येंच तो येतो, हें फ्रान्सिस ह्यांनीं लोकांस प्रत्यक्ष दाखविलें.

नाताळ हा त्यांना सर्व सणांत श्रेष्ठ सण वाटे. त्या दिवशीं पांखरांसाठीं रस्त्यांवर धान्य टाकावें, बैलांस व गाढवांस नेहमींपेक्षां अधिक चारा घालावा, आणि श्रीमंतांनीं गरिबांस पोटभर जेवूं घालावें, असा हुकूम बादशहानें काढावा अशी त्यांची इच्छा होती. सण आनंदानें साजरा करण्यास त्यांचा विरोध नव्हता. परंतु एकदां जेवणाच्या वेळीं एका बंधूनें पवित्र मरियेला त्या दिवशीं किती उणीव सोसावी लागली हें सांगितलें, तेव्हां फ्रान्सिस हुंदके देत पंगतींतून उठले व उरलेली भाकर त्यांनीं उघड्या जमिनीवर बसून खाल्ली.

ग्रेच्चोनंतर ते तीन वर्षेंहि जगले नाहींत. इ. स. १२२४ च्या सप्टेंबरांत ला व्हेर्ना डोंगरावर ध्यानस्थ असतां त्यांच्या देहावर प्रभूच्या पंचक्षतांचे व्रण उमटले. पुढच्या वर्षीं, दृष्टि जवळजवळ गेली असतां, सूर्य, चंद्र, वारा व पाणी ह्यांना भावंडें मानून त्यांनीं देवाचें स्तोत्र रचलें. ३ ऑक्टोबर १२२६ रोजीं सायंकाळीं पोर्झिउंकुला येथें ते प्रभूच्या घरीं गेले. शेवटच्या समयीं त्यांनीं आपल्याला उघड्या भुईवर ठेवावयास सांगितलें होतें. गवतावर जन्मलेल्या प्रभूचा हा सेवक मातीवर मरण पावला. १६ जुलै १२२८ रोजीं पोप ग्रेगरी नववे ह्यांनीं त्यांस संतपद बहाल केलें.

त्यांच्या बंधूंनीं पुढें गव्हाणीची भक्ति देशोदेशीं नेली. आपल्या कोंकणपट्टीचाहि ह्या बंधूंशीं जुना संबंध आहे. सोळाव्या शतकांत गोव्यांत व नंतर वसई-साष्टींत त्यांनीं धर्मप्रचार केला. जुन्या गोव्यांत संत फ्रान्सिस ह्यांच्या नांवाचें मंदिर उभें आहे, आणि वसईच्या किल्ल्यांत ह्या बंधूंच्या मंदिराचे अवशेष अद्याप दिसतात. अलीकडे १ डिसेंबर २०१९ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं ग्रेच्चो येथेंच जाऊन, घरोघरीं गोठा उभारण्याची चाल जतन करावी अशा आशयाच्या पत्रावर सही केली.

आतां आमची स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावांचून हें चरित्र पुरें करणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. आम्ही नवे धर्मगुरु असतां एका धर्मग्रामांत गोठ्यांची स्पर्धा होती. आपल्या गोठ्यास पहिला क्रमांक मिळावा म्हणून आम्हीं महिनाभर धडपड केली व तो मिळविलाहि. नाताळच्या रात्रीं मिस्सा चालू असतां, जवळच्या इमारतीच्या कामावरची एक मजूर बाई तान्हें मूल कडेवर घेऊन त्या गोठ्यापाशीं येऊन उभी राहिली. मूल रडूं लागलें. गायनांत व्यत्यय येतो म्हणून एका स्वयंसेवकानें तिला बाहेर जाण्याची खूण केली. वेदीवरून आम्हीं तें पाहिलें आणि आम्ही गप्प राहिलों. मिस्सा संपल्यावर बाहेर जाऊन शोध केला, तों ती निघून गेली होती. स्वयंसेवकास आम्हीं दोष देत नाहीं; दोष आमचा. उतारशाळेंत जागा नव्हती हें शुभवर्तमान आम्हीं त्याच रात्रीं, त्याच वेदीवरून वाचलें होतें.

प्रिय धर्मग्रामस्थहो, ज्युबिलीच्या वर्षांत आपण देवळास रंग देतों, दिवे लावतों, मागील पिढ्यांचे उपकार स्मरतों. हें सर्व योग्यच आहे. परंतु संत फ्रान्सिस ह्यांनीं दगड-चुन्याचीं देवळें बांधतां बांधतां जें शिकलें, तेंहि आपण शिकूं या. गव्हाण आपल्या नित्याच्या घरांतच आहे: अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या खोलींत, शेतावर व वाडींत राबणाऱ्या गड्याच्या झोंपडींत, ज्या भावाशीं बांधावरून अबोला धरला आहे त्याच्या ओटीवर. तेथें गेलें असतां नाक धरावेंसें वाटतें, मन मागें ओढतें. फ्रान्सिस ह्यांचेंहि ओढलें होतें. ते घोड्यावरून उतरले, इतकेंच.

येत्या नाताळांत गोठ्यासाठीं गवत आणतांना प्रत्येक कुटुंबानें अशा एका घरीं आधीं जाऊन यावें, आणि मग तें गवत देवळांत आणून घालावें, अशी आमची विनंती आहे. संत फ्रान्सिस असिसीकर आपल्यासाठीं विनंती करोत, आणि आपल्या अंतःकरणांत निजलेलें तें बालक पुन्हा जागें होवो.