गोठलेल्या डोंगरातील सोलापूरकर

सोलापूरची ख्याती उन्हाची. येथील थंडी पहाटेची शेकोटी आणि एक चादर यांवर निभावते. याच शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांनी मात्र चीनमधील पाचव्या हिवाळ्याच्या तोंडावर, तेथील बर्फाळ डोंगरांत देह ठेवला.

जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनने १९३८ मध्ये वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनातून निधी उभा राहिला आणि डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखाली पाच डॉक्टर रवाना झाले. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले कोटणीस त्यांपैकी एक. नागपूरचे डॉ. चोळकरही पथकात होते. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. तरीही ते परतले नाहीत. सहकारी एकेक करून मायदेशी गेले तेव्हाही ते मागे राहिले.

१९४० मध्ये ते उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धक्षेत्रात पोहोचले. तेथील हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरतो. कापूस भरलेले जाड अंगरखे, राळ्याची पेज आणि खालून विस्तवाने तापवलेले झोपण्याचे ओटे यांच्या आधारे माणसे तग धरत. ज्वारी तिकडेही पिकते. सोलापूरकराला ओळखीचे वाटावे असे बहुधा तेवढेच. जपानी नाकेबंदीमुळे औषधांचा तुटवडा होता. गावे आणि धान्याची कोठारे जाळली जात होती. पक्क्या इस्पितळाचा प्रश्नच नव्हता. जखमींना गावकऱ्यांच्या घरांत विखरून ठेवावे लागे. १९४० च्या मोठ्या मोहिमेत कोटणीसांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या आणि सुमारे ८०० जखमींवर उपचार केले.

कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून १९३९ मध्ये याच भागात रक्तदोषाने मरण पावले होते. त्यांच्या नावाच्या इस्पितळाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. त्याच वर्षी त्यांनी परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. चिनी भाषा आत्मसात करून ते त्याच भाषेत शिकवू लागले, शस्त्रक्रियेची पाठ्यपुस्तके लिहू लागले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने कोटणीस घरोघरी पोहोचले खरे. परंतु पडद्यावरच्या प्रेमकथेपुढे त्यांच्यातील हा शिक्षक काहीसा झाकोळला गेला. युद्धात एक कुशल शल्यविशारद किती जखमींना पुरणार? त्यांनी घडवलेले विद्यार्थी मात्र त्यांच्या पश्चातही उपचार करीत राहिले.

दरम्यान अपस्माराचे झटके सुरू झाले होते. उपचारासाठी अन्यत्र जाण्याची सूचना त्यांनी नाकारली. डॉक्टर असल्याने त्याचा अर्थ त्यांना नक्कीच उमगत असणार. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या नावांतील अक्षरे जोडून त्याचे नाव इन्हुआ ठेवले गेले. डिसेंबरच्या कडाक्यात झटके बळावले आणि ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, कोटणीसांची प्राणज्योत मालवली. दुसरे पाठ्यपुस्तक अर्धेच लिहून झाले होते.

जवळच्या गावात त्यांना मूठमाती देण्यात आली. पुढे त्यांची समाधी शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत हलवण्यात आली. साडेतीन महिन्यांच्या इन्हुआला घेऊन गुओ छिंगलान यांनी तो हिवाळा काढला. मुलगाही वैद्यकाकडे वळला, पण १९६७ मध्ये शिकत असतानाच त्याचा मृत्यू झाला. गुओ त्यानंतरही भारतात येत राहिल्या. कोटणीस कुटुंबाशी जुळलेले त्यांचे नाते २०१२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत टिकले.