लॉर्ड मेयो : एका ओळीमागचा माणूस

सार्वजनिक आयव्ययाच्या पाठ्यपुस्तकात लॉर्ड मेयो एका ओळीत संपतात : १८७० सालची वित्तीय विकेंद्रीकरणाची योजना. परीक्षेपुरती ती ओळ पुरते. पण त्या ओळीमागचा माणूस जाणून घेण्यासारखा आहे.

रिचर्ड बर्क यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८२२ रोजी डब्लिन येथे एका आयरिश सरदार घराण्यात झाला. ट्रिनिटी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. बटाट्याचे पीक बुडून आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा ते मदतकार्यात उतरले. १८४७ साली किल्डेअरमधून ते पार्लमेंटवर निवडून गेले. १८५२, १८५८ व १८६६ असे तीन वेळा ते आयर्लंडचे मुख्य सचिव झाले. १८६७ मध्ये वडिलांमागून अर्ल ऑफ मेयो ही पदवी त्यांच्याकडे आली, आणि जानेवारी १८६९ मध्ये ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले.

तिजोरीत तूट होती. सगळा पैसा मध्यवर्ती सरकार वाटे, त्यामुळे प्रांतांनी काटकसर करावी कशासाठी? मेयोंनी डिसेंबर १८७० मध्ये पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते इत्यादी खाती प्रांतांकडे सोपवून ठराविक वार्षिक रक्कम बांधून दिली. बचत होईल ती प्रांताची. तूट भरून निघाली, परंतु बांधून दिलेली रक्कम पूर्वीच्या खर्चाहून कमी होती. उरलेला भार स्थानिक करांच्या रूपाने रयतेवर आला. प्राप्तिकरही वाढला होता.

त्याच वर्षी वऱ्हाडात त्यांनी खामगावच्या रेल्वेचे उद्घाटन केले. कापूस मुंबईकडे लवकर पोहोचू लागला, तेथून विलायतेला. लँकेशायरचे गिरणीवाले हिंदी कापसाला आपल्या सुरतेच्याच नावाने ओळखत! रेल्वे आपल्या मुलखात आली, पण कापड तिकडे विणले गेले, हे विसरता येत नाही.

८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानची कैदी वसाहत पाहून परतताना, होपटाउनच्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदी या जन्मठेपेच्या कैद्याने त्यांना सुऱ्याने भोसकले. पन्नाशी पुरी व्हायला तेरा दिवस उरले होते. शेर अलीला पुढच्याच महिन्यात फाशी झाली. मेयोंचा देह आयर्लंडला नेण्यात आला.

अजमेरचे मेयो कॉलेज त्यांच्या नावाने उभे राहिले. नागपूरकर आजही सरकारी रुग्णालयाला 'मेयो' म्हणतात. त्याहून मोठी आठवण म्हणजे त्यांनी हाती घेतलेला प्रश्न. कर गोळा करणारा एक आणि खर्च करणारा दुसरा असेल, तर जबाबदारी कोणाची? दर वित्त आयोगापुढे केंद्र व राज्ये याच प्रश्नाशी येतात. हिशेब जुळवणे ही मोठी गोष्ट खरी; पण तो कोणाच्या खिशातून जुळला, हेही वाणिज्याच्या विद्यार्थ्याने पाहिले पाहिजे.