विश्लेषण : स्वप्नांची वेळ शोधणारे युजीन ॲसेरिन्स्की कोण होते?

झोपलेला मेंदू म्हणजे मालवलेला दिवा, असा समज ७५ वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांतही होता. तो मोडला शिकागो विद्यापीठातल्या एका संशोधक विद्यार्थ्याने. त्याच्याकडे साधी बीएची पदवीही नव्हती!

युजीन ॲसेरिन्स्की यांचा जन्म १९२१चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. शिक्षण धरसोडीचे आणि पदरी संसार. शिकागोत झोपेचे नामवंत अभ्यासक नॅथानिएल क्लाइटमन यांनी त्यांना झोपलेल्या बाळांचे डोळे न्याहाळायला बसवले. काम कमालीचे कंटाळवाणे.

मग तळघरात पडून असलेले मेंदूलहरी नोंदवणारे जुने यंत्र त्यांना मिळाले. डिसेंबर १९५१मध्ये त्यांनी आपल्याच आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या तारा जोडून झोपवले. मध्येच यंत्राच्या पेना कागदावर जोरजोरात नाचू लागल्या. मुलगा जागा झाला असेल म्हणून ते आत गेले, तर तो शांत झोपलेला! आधी त्यांना यंत्रच बिघडल्याचा संशय आला. क्लाइटमन यांनाही पटेना. त्यांनी स्वतःच्या मुलीवर प्रयोग करून पाहिला, तेव्हा खात्री पटली.

झोपेत ठरावीक काळाने बंद पापण्यांआड बुबुळे वेगाने फिरतात आणि मेंदू जवळपास जागेपणाइतका सक्रिय असतो. हीच 'रेम' झोप. या अवस्थेत २७ वेळा उठवले असता २० वेळा सविस्तर स्वप्न सांगितले गेले. डोळे स्थिर असताना २३ वेळा उठवले, त्यापैकी १९ वेळा काहीच आठवले नाही. सप्टेंबर १९५३मध्ये 'सायन्स'मध्ये हा शोधनिबंध आला.

मात्र रेम म्हणजेच स्वप्न, हे समीकरण घाईचे ठरले. इतर झोपेतही स्वप्ने पडतात, हे पुढच्या संशोधनातून दिसले. रेममधली सहसा अधिक ठसठशीत आणि लक्षात राहणारी, इतकेच.

ॲसेरिन्स्की मात्र त्याच वर्षी शिकागो सोडून सिॲटलला गेले आणि विजेच्या प्रवाहाचा सॅमन माशांवर काय परिणाम होतो, हे तपासू लागले. शोध लागताच शोधकर्त्याने विषय सोडावा, हे नवलच. स्वप्नांचे काम क्लाइटमन आणि विल्यम डिमेंट यांनी पुढे नेले, नावही त्यांचेच अधिक झाले. ॲसेरिन्स्की काही वर्षांनी झोपेच्या संशोधनाकडे परतले खरे, पण तोवर क्षेत्र बरेच पुढे गेले होते.

जुलै १९९८मध्ये कॅलिफोर्नियात त्यांची मोटार झाडावर आदळली आणि त्यांचा मृत्यू झाला. गाडी चालवताना डोळा लागला असावा, असा अंदाज होता. क्लाइटमन पुढच्याच वर्षी गेले, वयाच्या १०४व्या वर्षी.